एकेरी रस्त्यावरचा मे महिना

आमच्या घरात मे महिन्यात पडद्यांवरून कुरबुरी होतात. इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, या दिवसांत जेवणं आटोपली, भांडी डिशवॉशरमध्ये गेली, तरी बाहेर उजेड असतो. मागच्या बागेतली सफरचंदाची फुलं पांढरीची पांढरी दिसत राहतात. विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हा उजेड खपत नाही. "आता मिटू दे ना जरा जगाला," असं म्हणत तो पडदे ओढतो. मी मागून जाऊन परत उघडते. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही फार थोड्या गोष्टींवरून भांडलो, त्यात ही एक उशिरा पडलेली भर. त्याचं कारण त्यालाही ठाऊक आहे. अशाच एका मे महिन्यात मी स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला एकटी गाडी चालवत गेले होते, आणि तिथला उजेड अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

तिकडे त्या दिवसांत सूर्य बुडतो तो नावापुरता. क्षितिजाच्या आडोशाला जाऊन बसतो, पण त्याचा पदर बाहेर राहतो. समुद्राच्या कडेला फिकट पिवळी रेघ तशीच तेवत असते आणि ती हळूहळू सरकत सरकत पूर्वेला जाऊन पहाट होते. दिवस तिथे संपत नाही, नुसता कूस बदलतो. लहानपणी चिपळूणला दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणून ओरडा खाल्लेली मी. तिथे पोचल्यावर वाटलं, या गावांतल्या मुलांना आया कसं काय घरात बोलवत असतील?

पण मी उजेड बघायला गेले नव्हते. मी गाडी चालवायला गेले होते.

भूल देणं हे माझं काम. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलमध्ये मी नोकरीतली बहुतेक वर्षं ॲनेस्थेटिस्ट म्हणून घालवली. घाबरलेली माणसं टेबलावर यायची, मी त्यांचा हात धरायचे, म्हणायचे, "मोठा श्वास घ्या, मी इथेच आहे." माझा हात कधी थरथरला नाही. थिएटरमध्ये कितीही धावपळ होवो, माझा आवाज चढला नाही. सर्जन मंडळी म्हणायची, नीला असली की आपलंही ब्लड प्रेशर जागेवर राहतं. तर अशी मी, एका पावसाळी संध्याकाळी ड्यूटी संपवून मोटरवेवरून घरी येत होते. शेजारच्या लेनमधली लॉरी माझ्या लेनमध्ये आली. तिच्या चाकांनी उडवलेल्या पाण्यात मला काही दिसत नव्हतं, आणि तिच्या ड्रायव्हरला मी दिसले नव्हते. माझी गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि उलट्या तोंडाने कठड्याला जाऊन टेकली. मला खरचटलंसुद्धा नाही. समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्यांचे दिवे तेवढे माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर मी स्टिअरिंगवर बसले नाही. म्हणजे बसायचे, आरसे नीट करायचे, पट्टा लावायचे, आणि तळहातांना असा घाम सुटायचा की स्टिअरिंग साबण लावल्यासारखं वाटायचं. मग विनय पलीकडच्या दाराने उतरून माझ्या बाजूला यायचा, आणि मी किल्ली त्याच्या हातात द्यायचे. मुक्ता, आमची मुलगी, आली असली तर तिला द्यायचे. मैत्रीण बरोबर असली तर मैत्रिणीला. सगळ्यांनी फार समजूतदारपणे घेतलं. इतक्या समजूतदारपणे, की एक दिवस माझ्या लक्षात आलं, आता हे असंच राहणार. रिटायर झाले, घरात वेळच वेळ, आणि साधी कोथिंबीर आणायला जायचं तर मी विनयची डुलकी संपायची वाट बघत बसायचे.

गाडीत दुसरं कुणी असलं की मी किल्ली देऊन मोकळी होते. तेव्हा जायचं तर एकटीने, आणि जिथे किल्ली द्यायला माणूसच भेटणार नाही अशा ठिकाणी.

मुक्ता कॉव्हेंट्रीतच जन्मलेली. तिचं मराठी प्रेमळ आहे, पण त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग एकाच ताटात जेवतात. स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर ती म्हणाली, "आई, आर यू सीरियस? तो रोड किती नॅरो आहे माहीत आहे तुला? काहीतरी झाला तर? तुझी फोन पण नाही लागणार तिकडे!"

"तुझा फोन," मी म्हटलं.

"व्हॉटएव्हर! बाबा, तुम्ही सांगा ना हिला."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "जाऊ दे तिला. गाडी छोटी घे म्हणावं. आणि ऑटोमॅटिक घेऊ नकोस, उतारावर गिअर हाताशी असलेला बरा." विनय जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, गिअरबॉक्सवाला. त्याच्या काळज्यादेखील यांत्रिक असतात.

मोटरवे नको म्हणून इनव्हर्नेसपर्यंत आगगाडीने गेले आणि तिथे एक छोटी निळी गाडी भाड्याने घेतली. ताबा घेताना तिथला माणूस विचारत होता, "कुठवर जाणार?" मी म्हटलं, "रस्ता संपेपर्यंत." मला ते शूर वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं, मला खरंच नीटसं माहीत नव्हतं. गाडी शहराबाहेर काढेपर्यंत माझे खांदे कानाला टेकले होते. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही. पूल ओलांडला, घरं विरळ झाली, झाडं ठेंगणी झाली, आणि मग एका वळणानंतर रस्त्याच्या मधली पांढरी रेघ संपली.

रेघ संपली म्हणजे रस्ता अर्धा झाला. तिकडच्या उत्तरेला बरेच रस्ते असे एकेरी आहेत. एकच गाडी जाईल एवढं डांबर, आणि त्यावरून दोन्ही बाजूंची वाहतूक. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला पोट सुटल्यासारखी एक जागा असते, तिथे खांबावर पांढरी पाटी. समोरून कुणी आलं, की ज्याला ती जागा जवळ असेल त्याने तिथे थांबायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. चढावर मात्र आधी चढणाऱ्याला वाट. एवढाच नियम. आणि जाणाऱ्याने हात वर करायचा. हात म्हणजे काय, स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तरी चालतं. पण ते उचलायचंच. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला राजकारणी माणसासारखा भलामोठा हात दाखवत होते. दुसऱ्या दिवसापर्यंत माझंही बोट आपसूक उठायला लागलं.

मला या रस्त्यांचं फार कौतुक वाटलं. मोटरवेवर आपण एकमेकांना बघत नाही, एकमेकांचे दिवे बघतो. इथे समोरच्याचा चेहरा बघितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कुणीतरी थांबतं म्हणून कुणीतरी जातं, आणि दोघांनाही ते माहीत असतं. मेंढ्यांना मात्र हा नियम लागू नाही. त्या तापलेल्या डांबरावर पोट टेकून रवंथ करत बसलेल्या असतात, शेजारी दुधासारखी कोकरं. गाडी पुढ्यात येऊन थांबली, की आई अशी काही बघते की आपण तिच्या बैठकीच्या खोलीत चपला घालून शिरलो आहोत.

आणि डोंगर. मी सह्याद्रीची. आमचे डोंगर खांद्याला खांदा लावून उभे असतात, एकत्र कुटुंबासारखे. कुठला कडा कुणाचा ते सांगणं कठीण. तिथले डोंगर एकेकटे. मैलोन्‌मैल तपकिरी, ओलसर, सपाट माळ, त्यात सुईच्या टोकाएवढ्या जागी आभाळ ठेवल्यासारखी तळी, आणि मधूनच एखादा डोंगर उठलेला. आजूबाजूला कुणी नाही. कुणाचा आधार नाही, कुणाशी तुलना नाही. एक तर पालथ्या होडीसारखा दिसत होता आणि मी दिवसभर गाडी चालवली तरी तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा आरशात, असा माझ्याबरोबरच होता. प्रत्येक वळणावर त्याचा चेहरा निराळा. एकटं असणं म्हणजे ओकंबोकं असणं, असं मला आजवर वाटत आलं होतं. त्या डोंगरांकडे बघून ते मत मी मुकाट्याने मागे घेतलं.

खाली ओढ्यांचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. तिथल्या काळ्या, कुजून दबलेल्या मातीतून ते झिरपून येतं म्हणून. रस्त्याच्या कडेला गॉर्सची काटेरी झुडपं हळदी रंगाने पेटलेली. पहिल्यांदा काच खाली केली तेव्हा मी गाडी थांबवून हसले. त्या फुलांना खोबऱ्याचा वास येतो! अगदी उन्हात वाळत घातलेल्या खोबऱ्याचा. गुहागरला आत्याच्या अंगणात घाण्यावर न्यायच्या आधी वाट्या पसरलेल्या असायच्या आणि कावळे हाकायला आम्हाला बसवलेलं असायचं, तो वास. नारळाचं झाड जिथे स्वप्नातही उगवणार नाही, तिथे वाऱ्यावर नुसता नारळ. आणि त्यात भर म्हणून दूर माळावर एक पक्षी ओरडत होता, दोन सुरांत, पुन्हा पुन्हा. इंग्लंडमध्ये इतकी वर्षं काढून मी तो कुकू फक्त घड्याळात ऐकला होता. आमचा पावशा त्याच्याच गोतातला. तो 'पेर्ते व्हा' म्हणतो, हा नुसतं स्वतःचं नाव सांगतो. पेरायला इथे आहेच काय?

पण तसं नव्हतं. एका दरीत पाय मोकळे करायला उतरले, तेव्हा गवतात दगडांच्या चौकोनी ओळी दिसल्या. जवळ गेल्यावर कळलं, घरं आहेत. होती. एका चौकोनात चुलीची जागासुद्धा ओळखू येत होती. मेंढ्यांची कुरणं करायची म्हणून जमीनमालकांनी ही गावंच्या गावं उठवली, हे मी तिथल्या पाटीवर वाचलं. मी ज्याला निर्मनुष्य निसर्ग म्हणून कौतुकाने बघत होते, तो माणसं काढून रिकामा केलेला होता. माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं. आई कधी धरणाकडे बघून रडली नाही, पण पाणी कमी झालेल्या वर्षी देवळाचा कळस दिसतो का, असं विचारायची. त्या चुलीच्या दगडावर मी हात ठेवला. ऊन पडल्यामुळे तो गरम होता. बस, एवढंच. मग गाडीत येऊन बसले आणि पुढे निघाले, पण त्यानंतर त्या माळाकडे मी पाहुण्यासारखी नाही, जरा जपून बघायला लागले.

आता त्या रस्त्याबद्दल सांगते.

लॉखइन्व्हर नावाचं बंदर आहे, त्याच्या पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने एक रस्ता उत्तरेला जातो. तो इतका वळतो आणि चढतो-उतरतो, की आमच्या घाटातल्या एसटी ड्रायव्हरनेही विडी विझवून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले असते. मी चढ चढून गेले. एक वळण घेतलं. आणि पुढे रस्ता असा खाली कोसळला, की गाडीच्या नाकापलीकडे मला डांबर दिसेना, थेट समुद्र दिसला. डाव्या हाताला खडकाची भिंत, उजव्या हाताला, माझ्याच बाजूला, वीतभर गवताची कड आणि खाली काळं तळं. मी पहिल्या गिअरमध्ये उतरायला लागले. तेवढ्यात खालून एक मोठी पांढरी व्हॅन चढत आली आणि माझ्या समोर थांबली.

नियम मला पाठ होता. चढणाऱ्याला वाट द्यायची. थांबायची जागा माझ्या मागे होती, वळणाच्या पलीकडे, चढावर. म्हणजे मला गाडी मागे न्यायची होती. उलटी, वर, वळणावरून, दरीच्या कडेने.

मी हँडब्रेक ओढला आणि गोठले. तळहातांना तोच घाम. आरशात बघितलं तर आरशात नुसतं आभाळ. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून हातात घेतली आणि तशीच बसून राहिले. समोरच्या व्हॅनवर 'फिरतं वाचनालय' अशा अर्थाची अक्षरं होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

व्हॅनमधून एक बाई उतरल्या. माझ्यापेक्षा थोड्या लहान असतील. पिकलेले तांबूस केस, अंगात जाड विणीचा स्वेटर, पायात चिखलाचे बूट. रागावलेल्या नव्हत्या. माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी खाली दरीकडे एकदा बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"नवीन आहात या रस्त्यावर?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. "प्लीज," म्हटलं, "तुम्ही घ्या ना मागे. मला नाही जमणार."

त्यांनी किल्लीकडे बघितलं. घेतली नाही.

"मला जमेल," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे. पण पुढे असे बरेच उतार आहेत. तिथे काय कराल?"

"परत जाईन."

"परत जायलाही हाच रस्ता आहे."

यात त्यांचा काही टोमणा नव्हता. त्या मला फक्त भूगोल सांगत होत्या.

"तुम्हाला उशीर होईल," मी म्हटलं. हा माझा शेवटचा प्रयत्न.

"होईल की. पुढच्या वस्तीवर एक म्हातारी माझी वाट बघत असेल. तिला फक्त खुनाच्या गोष्टी लागतात, रक्त भरपूर हवं. थोडी वाट बघितल्याने तिची उत्सुकता वाढेल." मग त्या माझ्या गाडीला वळसा घालून मागे चालत गेल्या, जागा बघून आल्या आणि म्हणाल्या, "रिकामी आहे. दोन गाड्या मावतील एवढी. मी तुमच्या खिडकीला लागून चालते. तुम्ही मागे बघायचं आणि माझं ऐकायचं. आधी मोठा श्वास घ्या. मी इथेच आहे."

जन्मभर जे वाक्य मी दुसऱ्यांना म्हटलं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं. ऐकणाऱ्याच्या बाजूने ते कसं लागतं, ते मला कधी कळलंच नव्हतं. गरम लागतं.

मी गाडी सुरू केली. रिव्हर्स टाकला. क्लच सोडला तशी गाडी कण्हत हलली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी मागे सरकायला लागली. "छान. असंच. घाई नाही. आता जरा तुमच्या डाव्या हाताला. बास. सरळ करा. खडक अजून लांब आहे, त्याची काळजी मी करते." क्लचचा जळका वास येत होता. माझी मान मागे वळलेली, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात उजवीकडे मला त्यांचा स्वेटर दिसत होता. निळा, कोपरावर उसवलेला. त्या बोलत होत्या, कशाबद्दलही. काल पाऊस होता पण आज कसं उघडलंय. त्यांच्या कुत्र्याला कुकूचा किती राग येतो. वळण आलं तेव्हा त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाल्या, "आता हे एक, मग झालंच."

अर्ध्या वळणात माझ्या लक्षात आलं, की मला दरी दिसत नाहीये.

ती दिसत नव्हती, कारण त्या तिच्या आणि माझ्या मध्ये होत्या. खडकाच्या बाजूला माझी खिडकी नव्हती हे खरं, पण त्या पुढून चालल्या असत्या, मागून चालल्या असत्या, तरी आवाज पोचला असता. त्या वीतभर गवताच्या कडेवरून चालत होत्या. माझी गाडी जराशी जरी हुकली असती, तर आधी त्या गेल्या असत्या. ज्या बाईला स्टिअरिंग धरता येत नाहीये, जिला त्या पाच मिनिटांपूर्वी ओळखतही नव्हत्या, तिच्या गाडीला खेटून त्या दरीच्या बाजूने चालत होत्या आणि कुत्र्याच्या गोष्टी सांगत होत्या. हे कळल्यावर मी घाबरायला हवं होतं. उलट माझे हात स्थिर झाले. थिएटरमध्ये असायचे तसे. कुणीतरी आपला जीव माझ्यावर सोपवून बसलंय, मग मला हात थरथरवून चालणार नाही, हे माझ्या हातांना जुनं ठाऊक होतं. मी उरलेलं वळण घेतलं आणि गाडी त्या जागेत नेऊन लावली. नीट. चाकं सरळ.

मग मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला रडू दिलं. व्हॅन वर आणून माझ्या शेजारी लावली आणि थर्मास घेऊन आल्या.

"मी नीला," मी डोळे पुसत म्हटलं.

"मी आयला," त्या म्हणाल्या.

आणि मला जे हसू फुटलं, ते आवरेना. त्या गोंधळल्या. मी सांगितलं, "माफ करा. तुमचं नाव फार सुंदर आहे. पण आमच्या भाषेत माणसाला एकदम आश्चर्य वाटलं की तोंडातून हाच शब्द निघतो. जरा गावंढळ आहे. माझ्या वडिलांसमोर म्हटला असता तर मार बसला असता."

"म्हणजे आत्ता तुम्ही गाडी मागे आणलीत, तेव्हा म्हणायला हरकत नव्हती?"

"मुळीच नव्हती."

त्यांनी समुद्राकडे तोंड करून, खणखणीत आवाजात, आपलंच नाव एकदा ओरडून घेतलं. माळावरची एक मेंढी उठून उभी राहिली.

आम्ही व्हॅनच्या पायरीवर बसून चहा प्यायलो. मी डब्यातला पातळ पोह्यांचा चिवडा काढला. त्यांनी त्यातला खोबऱ्याचा तळलेला काप उचलून हुंगला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर गॉर्सचा वास!" माझ्या आत्याच्या अंगणाकडे उलट्या दिशेने आलेली ती एकच व्यक्ती असावी. आत व्हॅनमध्ये दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या मांडण्या, उतारावर पुस्तकं पडू नयेत म्हणून मागे कललेल्या. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत, रोज हा रस्ता?" त्या म्हणाल्या, "वाटते की. बर्फात तर फार वाटते. पण तिकडे माणसं राहतात ना." एवढंच उत्तर. मग त्यांनी कप झटकले, चिवड्याचा डबा मी हातात दिला तो ठेवून घेतला, आणि त्या त्यांच्या खुनाच्या गोष्टींच्या म्हातारीकडे गेल्या. जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. मीही उचललं.

त्यानंतर तो उतार मी एकटीने उतरले. भीती गेली नव्हती. ती शेजारच्या सीटवर बसली होती, पण तिने किल्ली मागितली नाही.

संध्याकाळी उत्तरेच्या किनाऱ्यावर डरनेसला पोचले. तिथली वाळू पांढरी आहे, पाणी रंगपेटीतलं हिरवं, आणि वारा असा, की उभं राहायला त्याची परवानगी घ्यावी लागते. तिथून पुढे जमीन नाही. वाळूच्या टेकडीमागे आडोसा धरून विनयला फोन लावला. त्याने नेहमीप्रमाणे आधी गाडीची चौकशी केली.

"ठीक आहे गाडी. विनय, मी आज रिव्हर्स घेतला."

"कुठे?"

"चढावर. वळणावरून. एका बाजूला दरी होती."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी केल्याचा आवाज आला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "अगं, जन्मभर गिअरबॉक्स केले. फर्स्ट गिअरबद्दल लोक बोलतात, टॉप स्पीडबद्दल बोलतात. रिव्हर्सबद्दल फोन करून सांगणारी तू पहिलीच." मग जरा थांबून, "क्लच जाळलास ना पण?"

"थोडासा."

"जळू दे," तो म्हणाला. गिअरबॉक्सवाल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी एवढ्या लांब आले होते, असं मला वाटलं.

आता मी गाडी चालवते. भाजी आणते, देवळात जाते, विनयला फिजिओकडे सोडते. मोटरवेवर पावसात अजूनही माझे खांदे वर जातात, मग मी डाव्या लेनमधून सावकाश जाते, आणि मागच्यांना जे वाटायचं ते वाटो. मैत्रिणी विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी त्यांना फोटो दाखवते. फोटोंत तळी येतात, डोंगर येतात, एक चिडलेली मेंढी येते. आयलाचा फोटो मी काढला नाही. तेव्हा सुचलंच नाही.

पण मे महिना आला की मला सगळ्यांत आधी आठवते ती डरनेसनंतरच्या दिवशीची सकाळ. किनारा सोडून मी दक्षिणेकडे वळले होते. एका लांबलचक तळ्याच्या काठाने रस्ता जात होता आणि पलीकडे एक डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत उघडा. ढगांच्या सावल्या त्याच्या अंगावरून जात होत्या, जशा झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून स्वप्नं जातात. मी थांबायच्या जागेत गाडी घेतली. समोरून कुणी येत नव्हतं, कुणाला वाट द्यायची नव्हती. इंजिन बंद केलं. काच खाली केली. पाण्याचा बारीक आवाज, कुकू, आणि त्या दोहोंच्या मागे एवढी शांतता, की माझ्या घड्याळाचा आवाज मला उद्धट वाटला.

बऱ्याच वेळाने समोरून एक जुनी हिरवी गाडी आली. मी वाट दिली आहे असं समजून ती पुढे आली, मग माझ्याजवळ येऊन थांबली. आत एक वयस्कर जोडपं होतं. म्हातारबुवांनी काच खाली केली.

"सगळं ठीक आहे ना? गाडी बंद पडली का?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी नुसती बघत्येय."

त्यांनी मान वळवून डोंगराकडे बघितलं. बायकोनेही बघितलं. तो डोंगर त्यांच्या रोजच्या वाटेवरचा असणार. मला वाटलं, आता हसतील आणि निघून जातील.

म्हातारबुवांनी हात पुढे केला आणि आपल्या गाडीचं इंजिन बंद केलं.